आरोग्यमंत्री साहेब, आमच्या सफाईच्या मावशींना हेपॅटायटीस बी लसीचे तेवढे तीन डोस द्या

मा. आरोग्यमंत्री साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. तालुक्याचं नाव लिहीत नाही, कोणाची नोकरी अडचणीत आणायची नाहीये.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. शनिवारची रात्र, दोनदा लाईट गेलेली, लेबर रूममधे लागोपाठ तीन डिलिव्हऱ्या आणि आम्ही दोघीच सिस्टर. पहाटे साडेचारला आमच्या सफाईच्या मावशी वापरलेल्या नळ्या-ग्लोव्ह्जच्या कचऱ्याची लाल पिशवी बांधायला गेल्या आणि हात धरून बाहेर आल्या. ग्लोव्ह्जला बारीकसं भोक आणि आत करंगळीवर रक्ताचा थेंब. लाल पिशवीत सुई असताच कामा नये, ती कटरमधे तोडून पांढऱ्या डब्यात जाते, पण घाईत कोणीतरी तशीच टाकली, कदाचित मीच टाकली असेन, आजही मला नक्की सांगता येत नाही आणि ते डोक्यातून जात नाही. "काय नाय गो बाय, जरासा टोचलाय" म्हणत मावशी बोट पिळून पिळून रक्त काढत होत्या. सगळे तेच करतात. पिळायचं नसतं, तोंडात घालायचं नसतं, वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायचं असतं, पण हे त्यांना कामावर घेताना सांगितलं कोणी?

मग पीईपीची शोधाशोध. एचआयव्ही होऊ नये म्हणून द्यायच्या या गोळ्या 2 तासांत सुरू झाल्या तर सगळ्यात चांगलं, 72 तासांनंतर उपयोग नाही आणि कोर्स 28 दिवसांचा. गोळ्या आमच्याकडे होत्या साहेब, कपाटात होत्या, चावी ज्यांच्याकडे ते सुट्टीवर. शेवटी मावशींचा पुतण्या बाईक घेऊन आला आणि धो धो पावसात हायवेची डायव्हर्जनं पार करत दोघं जिल्ह्याच्या गावी गेली. पहिली गोळी पोटात गेली तेव्हा दहा वाजले होते.

आणि या सगळ्यात हेपॅटायटीस बी, म्हणजे रक्तातून पसरणारा लिव्हरचा आजार, कोणाच्या लक्षातच आला नाही. एचआयव्हीला सगळे घाबरतात, पण एचआयव्ही असलेल्या पेशंटची सुई टोचली तर हजारातल्या तीनेक जणांना लागण होते. हेपॅटायटीस बी असलेल्या पेशंटची सुई टोचली आणि लस घेतलेली नसेल तर शंभरातल्या 6 पासून 30 जणांपर्यंत, पेशंटच्या रक्तात विषाणू किती त्यावर. सुकलेल्या रक्तातसुद्धा तो 7 दिवस टिकतो. हेपॅटायटीस सीला लस नाही पण निदान गोळ्यांनी तो बरा होतो, बीला लस आहे, तीन डोस, आज, महिन्याने आणि सहाव्या महिन्यात, बस. लहान मुलांना 2011 पासून देशभर ही लस मिळते, आमच्या मावशींच्या वयाच्या माणसांना ती कधी मिळणार होती? लस नसलेल्याला सुई टोचली तर इम्युनोग्लोब्युलिनचं (तयार अँटीबॉडीचं) इंजेक्शन शक्यतो 24 तासांत द्यायचं असतं, त्याची किंमत काही हजार आणि आमच्या तालुक्याच्या एकाही मेडिकलमधे ते नव्हतं.

मी विचारत सुटले. मावशी ठेकेदाराकडून कामाला, म्हणून ऑफिस म्हणालं लस ठेकेदार देणार, ठेकेदार म्हणाला हॉस्पिटलचं काम. 2016 च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमात स्पष्ट आहे की हा कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हेपॅटायटीस बी आणि धनुर्वाताची लस संस्थेने द्यायची, कामावर घेताना ट्रेनिंग द्यायचं आणि वर्षातून एकदा तरी तपासणी करायची. त्यात कायम आणि कंत्राटी असा फरक नाही. 2017 च्या एचआयव्ही कायद्यातही अशा ठिकाणच्या कामगारांना पीईपी मिळालंच पाहिजे असं आहे.

मावशींचे पुढचे सहा महिने मी बघितलेत. दीड महिन्याने रक्त, तीन महिन्यांनी रक्त, सहा महिन्यांनी रक्त. मधे एकदा त्यांची सून भेटली, म्हणाली आई वेगळ्या ताटात जेवतात, नातवाला पेज भरवायची बंद केली, तो मांडीवर आला की उतरवतात. जेवणाखाण्यातून, मांडीवर घेतल्याने यातलं काहीच होत नाही, आणि हे त्यांना सांगायचं माझ्याकडूनही राहून गेलं होतं. त्या संध्याकाळी मी त्यांच्या वाडीवर जाऊन सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पण रिपोर्ट येईपर्यंत काही भरवलं नाही.

साहेब, सफाईच्या टेंडरमधे एक अट घाला की लसीचं कार्ड दाखवल्याशिवाय ठेकेदाराचं बिल पास होणार नाही. आणि शेवटच्या डोसनंतर महिना-दोन महिन्यांनी अँटीबॉडी टेस्ट, कारण काही जणांना लस लागू पडत नाही. पीईपीचे पहिले डोस कॅज्युअल्टीत ठेवा, रात्रपाळीच्या सिस्टरच्या हाताला लागतील असे. सुई टोचली की लिहायचं रजिस्टर आहे, पण ओरडा बसेल म्हणून कोणी लिहीत नाही, तर लिहिणाऱ्यावर कारवाई होणार नाही असं तुमच्या सहीचं पत्र काढा, त्याने खूप फरक पडेल. आणि नगरपंचायतीच्या घंटागाडीवरच्या बायकांनाही यात धरा, घराघरातून इन्सुलिनच्या सुया दुधाच्या पिशवीत गुंडाळून येतात आणि त्या हाताने वेगळं करतात.

मावशींचे सगळे रिपोर्ट निगेटिव्ह आले. पहिला डोस त्यांना चौथ्या दिवशी मिळाला, पुढचे दोन मी मेडिकलमधून आणून दिले. आमच्याकडे सफाईला अजून एक मावशी आणि दोन मामा आहेत, तिघांचाही पहिला डोस बाकी आहे.

आपली,
एक स्टाफ नर्स, रत्नागिरी जिल्हा