मुतखडा काढला, पण लघवीची तपासणी?

महोदय,

मुतखड्यावरील उपचारांबाबत एका दुर्लक्षित तपासणीकडे लक्ष वेधण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. लेसरने किंवा दुर्बिणीतून खडा काढला, सोनोग्राफी स्वच्छ आली की रुग्ण आणि नातेवाईक निर्धास्त होतात. परंतु ज्या लघवीत तो खडा तयार झाला, तिच्यातील दोष तसाच राहतो आणि काही वर्षांत अनेकांना पुन्हा तीच कळ सोसावी लागते. म्हणूनच ज्यांना वारंवार खडे होतात, ज्यांना लहान वयात खडा झाला आहे किंवा ज्यांना एकच मूत्रपिंड आहे, त्यांची तरी चोवीस तासांची लघवी तपासलीच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

या तपासणीत लघवीचे एकूण प्रमाण, आम्लता, कॅल्शियम, कॅल्शियमशी मिळून खडा बनवणारे ऑक्झलेट, युरिक आम्ल, सोडियम आणि सायट्रेट मोजले जाते. सायट्रेट कॅल्शियमला बांधून ठेवते आणि खडा होऊ देत नाही. ते कमी पडले की बाकी सारे ठीक असूनही खडे होऊ शकतात. लघवी सतत आम्लधर्मी, म्हणजे सामू ५.५ पेक्षा कमी राहिली, तर युरिक आम्लाचे खडे धरतात आणि पोटॅशियम सायट्रेटसारख्या औषधाने ते विरघळवताही येतात. बाहेर आलेला खडा फेकून न देता त्याचेही पृथक्करण करून घ्यावे.

कारण न शोधता दिलेला सल्ला अपायकारकही ठरतो. ‘खड्यात कॅल्शियम आहे, दूध बंद करा,’ हे आजही सर्रास सांगितले जाते. वास्तविक आहारातले कॅल्शियम आतड्यात ऑक्झलेटला अडवते; ते कमी केले की ऑक्झलेट रक्तात आणि तिथून लघवीत अधिक उतरते. इटलीत लघवीतून जादा कॅल्शियम जाणाऱ्या पुरुषांवर झालेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, कॅल्शियम कमी करणाऱ्यांपैकी सुमारे ३८ टक्के रुग्णांना पाच वर्षांत पुन्हा खडा झाला. कॅल्शियम नेहमीइतके ठेवून मीठ आणि मांसाहार कमी करणाऱ्यांत हे प्रमाण सुमारे २० टक्के होते. मीठ वाढले की लघवीतील कॅल्शियमही वाढते, हे किती रुग्णांना सांगितले जाते?

नमुना गोळा करण्याची रीतही नीट समजावून द्यायला हवी. सकाळची पहिली लघवी टाकून द्यायची, त्यानंतरची प्रत्येक वेळची डब्यात साठवायची आणि दुसऱ्या दिवशीची पहिली त्यात धरायची. मधली एखादी वेळ चुकली तर आकडे फसवे येतात; स्नायूंतून रोज साधारण सारख्याच प्रमाणात लघवीत येणाऱ्या क्रिएटिनिन या पदार्थावरून ते बहुधा ध्यानात येते. त्या दिवशी मुद्दाम जास्त पाणी पिऊ नये किंवा पथ्य पाळू नये, कारण नेहमीची स्थितीच कळायला हवी.

पाणी अर्थातच महत्त्वाचे आहे. दिवसाला किमान अडीच लिटर लघवी व्हावी इतके ते प्यायला हवे. मात्र दोष सायट्रेटचा किंवा ऑक्झलेटचा असेल तर केवळ तेवढ्याने भागत नाही. मूत्रविकारतज्ज्ञांनी रुग्णाला घरी पाठवताना या तपासणीची तारीख कागदावर लिहून द्यावी आणि औषध सुरू केल्यावर सहा महिन्यांच्या आत ती पुन्हा करून घ्यावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक