मॅडम, तो कागद अजून माझ्याकडे आहे

मॅडम,

तुम्हाला कदाचित आठवणारही नाही. माझा प्रस्ताव मीटिंगमध्ये चार मिनिटांत बाजूला पडला होता आणि मी राजीनाम्याची मेल लिहून ड्राफ्टमध्ये ठेवली होती. तुम्ही समजूत काढायच्या फंदात पडला नाहीत. एवढंच विचारलंत, "मीटिंगच्या आधी कुणाकुणाशी बोललीस?"

"कुणाशीच नाही. मीटिंग त्यासाठीच असते ना?"

तुम्ही इतक्या मोठ्यानं हसलात की पलीकडच्या टेबलावरची दोन डोकी वर आली.

मग जुन्या प्रिंटआउटच्या पाठकोऱ्या बाजूवर तुम्ही दोन तक्ते काढलेत. एक एचआरवाला, चौकटींचा. दुसऱ्यात नुसते बाण : काम अडलं की कोण कुणाला फोन करतं. सगळ्यात जास्त बाण गेले ते फायनान्समध्ये खर्चाच्या मंजुऱ्या बघणाऱ्या एका अबोल गृहस्थांकडे. माझा खर्च त्यांच्या त्या तिमाहीच्या बजेटात बसत नव्हता, बास. मी डूख धरून बसले होते आणि त्यांना माझं नावही ठाऊक नव्हतं! पुढच्या तिमाहीत आधी त्यांच्याकडे गेले. तोच प्रस्ताव, दोन आकडे बदलून, मंजूर झाला.

अर्थशास्त्रज्ञ रोनाल्ड कोस हे नावही तुमच्याकडूनच पहिल्यांदा ऐकलं. कंपन्या मुळात असतातच कशाला, हा प्रश्न त्यांनी १९३७ साली मांडला होता. प्रत्येक कामासाठी बाजारात माणूस शोधा, भाव ठरवा, करार करा, यालाही खर्च येतो. तो वाचतो म्हणून कंपनी. "आपण सगळे एक कुटुंब" हे वाक्य ऐकलं की मला हे आठवतं आणि राग येत नाही. सोय आहे, तिच्याकडून मायेची अपेक्षा कशाला?

तिकिटांचंही, म्हणजे ग्राहकांच्या नोंदवलेल्या तक्रारींचंही, तसंच. बंद केलेल्या तक्रारींचा आकडा अप्रेझलला जोडला, तशी टीम न सुटलेल्या तक्रारीही बंद करायला लागली. मी सहकाऱ्यांना लबाड म्हणत होते. आकड्यावर दाब आला की तो खरं सांगेनासा होतो, हे अर्थशास्त्रज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्येच चलनविषयक धोरणाबाबत म्हटलं होतं, असं तुम्ही सांगितलंत. त्या दिवसापासून माणसांवर चिडण्याआधी त्यांचं अप्रेझल कशावर ठरतं ते बघते.

एक मात्र अजून पटलेलं नाही. "लेखी तक्रार कधीच करू नकोस," म्हणाला होतात. मी एकदा केली, आणि तीच उपयोगी पडली.

पुढे फेररचनेत तुमचीच चौकट पुसली गेली. आभार मानायचे तेव्हा राहून गेले, म्हणून आज हे पत्र. तुम्ही गेल्यावरही कित्येक महिने, काही अडलं की लोक तुम्हालाच फोन करत होते. त्यातले निदान दहा तरी माझे होते.

तुमची,
ड्राफ्टमधली मेल कधीच न पाठवलेली ज्युनियर