पावसाआधी ठरवायच्या गोष्टी

मडगाव, गोवा
१२ एप्रिल

प्रिय नलिनी,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. १ जुलैपासून क्लबचं अध्यक्षपद तुझ्याकडे येतंय आणि वर्षभराचं काम म्हणून तू फोंड्याच्या बसस्टँडवर, बाजारात रात्र काढणाऱ्या बायकांचा विचार करते आहेस, हे वाचून फार बरं वाटलं. सोबत शंभर ब्लँकेटं, शंभर साड्या आणि तांदूळ-डाळीच्या पिशव्यांची यादी जोडली आहेस. त्या यादीपासूनच सुरुवात करते.

ब्लँकेट घेऊ नकोस. गोव्यात उघड्यावर झोपणाऱ्या बाईला थंडीपेक्षा ओल छळते. जूनमध्ये एकदा भिजलेलं ब्लँकेट आठवडाभर वाळत नाही, त्याला वास येतो आणि ती ते तिथेच टाकून पुढे जाते. साडीचंही तसंच. तिला जोडीला परकर-ब्लाउज लागतो, धुवायला बादली लागते आणि वाळत घालायला सहा वार दोरी लागते. कोरडा शिधा द्यायचा तर चूल कुठे आहे? यापेक्षा इलॅस्टिकची सलवार आणि सैल कुर्ता किंवा गाऊनचे दोन जोड दे. आतल्या कपड्यांचे तीन-तीन नग दे, तेही मापं विचारून. याशिवाय रबरी चप्पल, सहा फूट बाय चार फूट ताडपत्रीचा तुकडा, चेनची जाड प्लास्टिक पिशवी, छोटं कुलूप, शिट्टी आणि कंगवा. पाळीसाठी कापडी पट्ट्या देऊ नकोस. त्या उन्हात वाळवाव्या लागतात आणि पावसाळ्यात ऊन नाही, आडोसाही नाही. वापरून टाकायची पॅडच दे, महिन्याला दोन पाकिटं, सोबत जुन्या वर्तमानपत्राची घडी आणि टाकायला पिशवी.

पण सामानाने प्रश्न सुटत नाही. या बायकांना सर्वांत आधी हवी असते बंद दाराची जागा. कित्येकजणी संध्याकाळी पाचनंतर पाणी पीत नाहीत, कारण रात्री लघवीला अंधारात जावं लागतं. त्यातून मूत्रमार्गाचा संसर्ग, जळजळ, ताप, आणि तो अंगावर काढणं. म्हणून क्लबचा पहिला खर्च न्हाणीघरावर व्हावा. स्टँडजवळचं सशुल्क शौचालय चालवणाऱ्या ठेकेदाराशी महिन्याचा ठराव कर: क्लबचा शिक्का असलेलं कुपन दाखवलं की शौचालय रोज फुकट, आंघोळ आठवड्यातून तीनदा. महिनाअखेर तो कुपनं मोजून देतो, तुम्ही बँकेतून पैसे देता. कुपनावर बाईचं नाव घालू नका, फक्त क्रमांक. हे बिघडतं ते दोन ठिकाणी. कामावरचा माणूस बदलला की नवा माणूस कुपन ओळखत नाही, म्हणून ठरावाची प्रत भिंतीवर लावून ठेवा. आणि रात्री दहाला दार बंद होत असेल तर सगळा उपयोग निम्मा, तेव्हा रात्रभर एक स्त्री-शौचालय उघडं ठेवायची अट ठरावातच घाल. नगरपालिकेच्या मुख्याधिकाऱ्यांना ते पत्राने कळव, तोंडी नको.

आंघोळीच्या दिवशी तिथेच दोन कामं उरकता येतात. उवांवर १ टक्का परमेथ्रिन लोशन कोरड्या केलेल्या केसांना लावून दहा मिनिटं ठेवायचं, मग धुवायचं, आणि आठव्या-नवव्या दिवशी पुन्हा एकदा, कारण लिखांतून नवी पिल्लं निघतात. दुसरी खेप चुकली की सगळं व्यर्थ, आणि ती नेहमी चुकते, म्हणून तारीख कुपनावरच लिही. खरजेवर परमेथ्रिनचंच ५ टक्क्यांचं मलम, पण डॉक्टरांना दाखवूनच. ते मानेखाली सर्वांगाला रात्रभर लावून ठेवायचं असतं, आणि ज्यांच्या शेजारी ती झोपते त्यांनाही त्याच दिवशी. पायाच्या जखमा नीट बघायला सांग. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून चालल्याने गोव्यात लेप्टोस्पायरोसिस होतो. ताप, अंगदुखी आणि लाल डोळे दिसले तर पॅरासिटामॉल देऊन परत पाठवायचं नाही, त्याच दिवशी सरकारी इस्पितळ.

आता वेळापत्रक, आणि या पत्रात मला सर्वांत कळकळीने हेच सांगायचं आहे. रोटरी, लायन्स, इनर व्हील, सगळ्यांचं वर्ष १ जुलैला सुरू होतं. आपल्याकडे पाऊस जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो. म्हणजे उघड्यावरच्या बाईला सर्वांत कठीण महिना असतो तेव्हा जुनी समिती हिशेब बंद करत असते आणि नवीन समितीचा पदग्रहण सोहळा व्हायचा असतो. जून २००४ मध्ये वास्कोला बायणा किनाऱ्यावरच्या झोपड्या पाडल्या गेल्या तेव्हाही हाच महिना होता आणि कित्येक बायका भर पावसात रस्त्यावर आल्या. त्यामुळे तू जुलैची वाट बघू नकोस. आत्ताच्या अध्यक्षांकडून एप्रिलमध्येच ठराव करून घे: या कामाची समिती तीन वर्षांची, अध्यक्ष बदलला तरी ती तीच, तिचं बँक खातं वेगळं, सह्या दोघींच्या. देणगीदारांना सांग की २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख दिली तर प्राप्तिकरातली देणगीवरची सूट मिळत नाही, तेव्हा चेक किंवा ऑनलाइन. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या गोंयकाराने पैसे पाठवतो म्हटलं तर आधी तुमच्या ट्रस्टला विदेशी देणगी घेण्याची नोंदणी आहे का ते सनदी लेखापालाला विचार. नसेल तर एक रुपयाही खात्यात येऊ देऊ नकोस.

बाईशी बोलायचं कसं, हे तू विचारलंस. पहिल्या तीन-चार भेटींत नाव, गाव, नवरा काहीच विचारायचं नाही. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी, त्याच दोघी कार्यकर्त्या जाणार, एवढंच. पेजेचा डबा आणि लोणचं घेऊन गेलात तर उत्तम. मासे आणि नारळाची भाजी संध्याकाळच्या पार्सलात घालू नका, दमट हवेत तीन-चार तासांत खराब होतात. फार दिवस उपाशी असलेल्या बाईला एकदम पोटभर जेवण देणंही धोक्याचं, थोडी पेज तासातासाने द्यावी आणि डॉक्टरांना कळवावं. पुढे गावाचा विषय निघाला की 'तुजो गांव खंयचो?' या एका प्रश्नावर थांबू नका. आजारी, घाबरलेली बाई गावाचं नाव चुकीचं सांगते किंवा सांगतच नाही. त्याऐवजी विचारा: आठवड्याचा बाजार कोणत्या वारी, गावात देऊळ कोणाचं, नदी आहे का, भाकरी ज्वारीची की तांदळाची, गाडी कुठे बदलली. ज्वारी, गुरुवारचा बाजार आणि यल्लम्मा ही तीन उत्तरं मिळाली तर शोध उत्तर कर्नाटकाकडे वळतो. गोव्यात कामाला येणारे पुष्कळजण विजयपूर, बागलकोट, गदगचे. भाषा ओळखू येत नसेल तर तिचा आवाज रेकॉर्ड करून रेल्वे स्टेशनवरच्या हमालांना, बांधकामावरच्या मुकादमांना ऐकव. पण फक्त आवाज. चेहरा नाही.

फोटोबद्दल मी हट्टी आहे, तूही हो. बॅनर धरून साडी देतानाचा फोटो व्हॉट्सॲपवर गेला की ज्या घोवाच्या मारामुळे ती पळून आली त्याला तिचा पत्ता मिळतो. क्लबच्या अहवालासाठी कुपनांची संख्या आणि खर्चाची पावती पुरते.

एखादी बाई स्वतःशी बोलत, कपड्यांचं भान नसताना फिरताना दिसली तर तिला तुमच्या गाडीत घालून कुठल्या आश्रमात सोडू नका. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, कलम १००, हे पाठ करून ठेव. अशा व्यक्तीला संरक्षणात घेणं हे ठाणेदाराचं कर्तव्य आहे. लॉकअपमध्ये ठेवता येत नाही. २४ तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत तपासणीला न्यायचं, आणि ती बेघर असेल तर हरवल्याची नोंद करून घरच्यांचा शोध घेणंही ठाण्याचंच काम. आपल्याकडे शेवटी बांबोळीच्या मनोरुग्णालयातच जावं लागतं. ठाण्यात 'आमच्याकडे जागा नाही' असं उत्तर मिळालं तर कलमाचा उल्लेख करून लेखी अर्ज दे आणि पोच घे. पोच मागितली की बहुतेक वेळा गाडी निघते. त्याच कायद्याचं कलम १९ सांगतं की घर नाही, घरचे घेत नाहीत, एवढ्याच कारणाने कुणाला मनोरुग्णालयात डांबून ठेवता येणार नाही. म्हणून ती बरी होऊन बाहेर पडायच्या दिवसाची तयारी भरतीच्या दिवशीच सुरू करायची: औषधं कोण देणार, दर महिन्याला बांबोळीला कोण नेणार. बरी होऊन बाहेर आलेल्या बायका पुन्हा रस्त्यावर येतात त्या गोळ्या बंद पडल्यामुळे. हे क्लब करू शकतो: एका बाईमागे एक सदस्या, महिन्यातून एक सकाळ.

मार खाऊन रात्री दारात आलेल्या बाईसाठी १८१ (महिला हेल्पलाइन) किंवा ११२ला फोन कर. हिंसा सोसलेल्या बायकांसाठीच्या सरकारी वन स्टॉप सेंटरमध्ये तात्पुरता निवारा मिळतो, पण साधारण पाच दिवसांचाच. ते पाच दिवस संपेपर्यंत पुढची जागा ठरवलेली असावी.

कागदपत्रांत घाई नको. आधारची नवी नोंदणी करायला नेलंत आणि 'आधीच आधार आहे' म्हणून ती फेटाळली गेली तर निराश होऊ नकोस, ती चांगली बातमी आहे. बोटांच्या, डोळ्यांच्या ठशांवरून जुनं आधार सापडतं आणि त्यावर गावाचा पत्ता असतो. भांडी घासून, सिमेंट कालवून ठसे पुसलेले असले तर डोळ्यांवरून जमतं. मात्र तो पत्ता हाती आला म्हणून लगेच घरी फोन लावायचा नाही. आधी तिला विचारायचं. बँकेत कागद नसताना फोटो आणि अंगठ्यावर 'लहान खातं' उघडतं. त्यात ५०,००० पर्यंत शिल्लक, महिन्याला १०,००० पर्यंत काढता येतात, आणि बारा महिन्यांत ओळखपत्रासाठी अर्ज केल्याचं दाखवावं लागतं. दर महिन्याला मदत देणाऱ्या राज्य सरकारच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेला गोव्यातलं १५ वर्षांचं वास्तव्य लागतं. परप्रांतातल्या बाईला उगाच तो फॉर्म भरायला लावू नका.

आणि जी बाई गोव्याचीच आहे, तिच्याकडे वेगळ्या नजरेने बघ. लग्न इथे नोंदलेलं असेल आणि लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर आपल्या नागरी कायद्याप्रमाणे नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक असते. निम्मं घर तिचंच. नवरा वारला तर वाटणी होते ती त्याच्या निम्म्याची. दिराने, मुलाने बाहेर काढलेली विधवा पुष्कळदा त्याच घराची अर्धी मालकीण असते आणि तिला ते कुणी सांगितलेलं नसतं. नागरी नोंदणी कार्यालयातून लग्नाच्या नोंदीची प्रमाणित प्रत काढा, आणि दुसरी सही झाली आहे का ते बघा (इथे लग्न नोंदताना दोन वेळा सह्या होतात). पहिली सही करून नंतर सोडून दिलेल्या मुली गोव्यात कमी नाहीत, आणि दुसऱ्या सहीशिवाय लग्न कायद्याने पूर्ण होत नाही. अशा मुलीलाही कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली दाद मागता येते का, ते वकील सांगेल. बाईला मोफत वकील मिळायला उत्पन्नाची अट नाही, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज द्यायचा, फोन १५१००. घर मुंडकाराचं (भाटकाराच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्याचं) असेल तर मामलेदाराकडची नोंदही काढून ठेवा.

निवारा उघडायचं तुझ्या मनात आहे, ते यंदा नको. बारा खाटांच्या घराचं गणित करून बघ. माणशी ५० चौरस फूट धरले तर झोपायलाच ६०० लागतात. पण खाटा सोप्या. आठवड्याचे १६८ तास, एका बाईकडून ४८ तासांपेक्षा जास्त काम घ्यायचं नाही, म्हणजे चार काळजीवाहक हव्यात, तीन नव्हे. तिघींवर चालवलेलं घर पहिल्या आजारपणात कोलमडतं आणि रात्रीला कुलूप लागतं. किमान दीड वर्षाचे पगार खात्यात असल्याशिवाय घर उघडू नकोस. शिवाय मानसिक आजाराच्या रुग्णांना उपचारासाठी ठेवायचं तर वेगळी नोंदणी लागते, आणि भाड्याच्या घराला भाडेकरू पडताळणीचा फॉर्म ठाण्यात द्यावा लागतो. त्यापेक्षा आधीपासून चालणाऱ्या एखाद्या घरातल्या रात्रीच्या काळजीवाहकाचा पगार क्लबने तीन वर्षं उचलावा. वृद्धांसाठी प्रोव्हेदोरियाची, म्हणजे सरकारी साहाय्य संस्थेची, घरं आहेत, देहव्यापारातून सुटलेल्यांसाठी वास्कोला 'अर्ज' ही संस्था काम करते. त्यांना भेटून काय कमी पडतं ते विचार.

या महिन्यात एकच काम कर. फोंड्याच्या बाजारात भाजी विकणाऱ्या बायकांत कन्नड बोलणाऱ्या कितीतरी आहेत. त्यांतली एक ओळखीची करून घे, समितीत घे, तिच्या बुडालेल्या विक्रीचे पैसे दर वेळी दे. शौचालयाच्या ठरावाचा मसुदा मी रविवारी लिहून पाठवते. कुपनं छापायच्या आधी त्यावर ठेकेदाराची सही घे.

तुझी,
मंगला