नंबर बदलायच्या आधी टेबल फिरवून बघा

संपादक महोदय,

नमस्कार. मी कुडाळजवळच्या एका पतसंस्थेत कॉम्प्युटरवर काम करते, या वर्षी १४ वर्षं होतील. मागच्या पावसाळ्यात चार वाजले की डोळे चुरचुरायला लागायचे, कपाळ ठणकायचं आणि उठून काउंटरकडे बघितलं तर समोरच्याचा चेहरा थोडा वेळ धूसरच दिसायचा. मला वाटलं चाळिशी आली, नंबर बदलला असेल, म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले तर नंबर तोच होता! त्यांनी उलट मलाच विचारलं की तुमच्या ऑफिसात लाईट कुठे आहे आणि खिडकी कुठे आहे.

आमचं ऑफिस जुन्या कौलारू घरात आहे. भिंती चिऱ्याच्या, गिलावा नाही, त्यामुळे त्या उजेड पिऊनच टाकतात. जूनपासून झडीसाठी खिडक्यांना ताडपत्री मारलेली असते, मग खोलीत काळोख आणि डोळ्यासमोर तेवढी पांढरीफेक स्क्रीन. ऑफिसच्या कामाला साधारण ३०० ते ५०० लक्स उजेड लागतो असं सांगतात, मी मोबाईलच्या ॲपवर मोजला तर (ते अचूक नसतं, पण अंदाज येतो) टेबलावर ९० आला. आणि उन्हाळ्यात अगदी उलटं, काचेच्या कौलातून ऊन सरळ टेबलावर, पाठीमागची ट्यूब स्क्रीनमध्ये चमकते, ती चमक मारायला आपण ब्राइटनेस फुल करतो आणि डोळ्यांना अजून त्रास होतो. त्यात स्क्रीनकडे टक लावून बघताना पापण्या मिटणं निम्म्यावर येतं, वर फॅनचा वारा थेट तोंडावर, म्हणजे डोळे कोरडे पडणारच ना. जुन्या चोकवाल्या ट्यूबचा उजेड तर सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो, डोळ्याला दिसत नाही पण काहींचं डोकं त्याने दुखतं.

डॉक्टरांनी सांगितलेल्या दोन गोष्टी कोणीही करून बघाव्यात. स्क्रीन बंद करायची आणि काळ्या काचेत काय दिसतं ते बघायचं, ट्यूब किंवा खिडकी दिसली तर तीच काम करताना डोळ्यात जाते. दुसरं, कपाळावर टोपीच्या झडपेसारखी फाईल धरायची, लगेच बरं वाटलं तर वरचा लाईट थेट डोळ्यात येतोय.

मी टेबल फिरवलं, आता खिडकी डाव्या हाताला आहे, समोरही नाही आणि पाठीलाही नाही. स्क्रीन हातभर लांब आणि नजरेच्या जरा खाली घेतली. ट्यूबखाली दुधी शीट लावली, कौलाखाली पांढरं कापड ताणलं, आणि दर वीस मिनिटांनी बाहेरच्या माडाच्या शेंड्याकडे बघून घेते. दोन आठवड्यात डोकं दुखायचं थांबलं.

माझी कळकळीची विनंती आहे की आपल्याकडच्या पतसंस्था, सेतू केंद्रं, ग्रामपंचायती यांनी नवीन कॉम्प्युटर घेताना लाईटचाही विचार करावा. या खुर्च्यांवर बऱ्याचदा बायकाच असतात, डोळे दुखले तर झंडू बाम लावून परत बसतात, बोलत नाहीत. मे महिन्यात ताडपत्री मारायला माणूस येतो त्याच दिवशी वायरमनलाही बोलवा, म्हणजे पावसाळ्याआधी काम होतं. आमच्याकडे पाचपैकी तीन टेबलं फिरवून झाली, उरलेल्या दोघींची केबल लांब मिळाली की त्यांचीही होतील.

आपली,
एक वाचक, कुडाळ