दोन दिवसांच्या वर्कशॉपपेक्षा रविवारचं ग्राउंड बरं

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत नेतृत्वगुण कसे वाढवायचे यावर जो लेख आला होता तो मी दोनदा वाचला, लेख चांगलाच होता, पण त्यात सगळा भर वर्कशॉप, सेमिनार आणि ऑनलाइन कोर्सवर होता म्हणून हे पत्र लिहायला बसले. मी स्वतः असे तीन वर्कशॉप केलेत, ऑफिसनेच पाठवलं होतं, तिन्हीची सर्टिफिकेटं ड्रॉवरमध्ये आहेत आणि खरं सांगायचं तर त्यातलं मला आज एकही वाक्य आठवत नाही. मला जे काही थोडंफार माणसं सांभाळणं जमायला लागलंय ते गेल्या सहा वर्षांत शनिवार-रविवार सकाळी बारा ते पंधरा वयाच्या पोरांना पळायला शिकवताना जमलंय, त्याचे पैसे मिळत नाहीत आणि सर्टिफिकेटही नाही.

आधी माझ्याबद्दल सांगते. कॉलेजात असताना मी चार बाय शंभर रिले पळायचे, म्हणजे चौघींनी एकीमागून एक शंभर-शंभर मीटर पळायचं. नोकरी लागली, सगळं सुटलं. ऑफिसमध्ये माझ्या हाताखाली नऊ जण आहेत आणि 'मॅडमला विचारा' हे आमच्याकडचं सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य आहे, तेव्हा मला त्याचा अभिमान वाटायचा. ग्राउंडवर एका ओळखीच्या कोचने आठवड्यातून दोन दिवस मदतीला ये म्हटलं, मी गेले, आणि पहिलं वर्षभर मी तिथेही तेच केलं जे ऑफिसमध्ये करत होते, म्हणजे सगळं स्वतः ठरवायचं आणि मोठ्याने सांगायचं.

माझे डोळे उघडले ते एका व्हिडिओमुळे. रिलेत एकाने दुसऱ्याच्या हातात द्यायची जी छोटी नळी असते ती, म्हणजे बॅटन, देताना पोरांचे हात कुठे जातात ते बघायला वीस मिनिटांचं शूटिंग केलं होतं, घरी जाऊन लावलं तर हात कमी आणि माझा आवाजच जास्त. लवकर! जोर लाव! अगं काय करतेयस! कितीदा सांगायचं! मी कागद-पेन घेऊन मोजायला बसले, पोरांना ज्याचा प्रत्यक्ष काही उपयोग होईल असं वाक्य वीस मिनिटांत चारदा आलं. चारदा. बाकी सगळा नुसता आरडाओरडा. तो व्हिडिओ मी कोणाला दाखवला नाही हेही इथे कबूल करते.

नंतर वाचनात आलं की असं मोजायचं काम खूप आधी दोन मानसशास्त्रज्ञांनी केलंय. अमेरिकेत यूसीएलए या विद्यापीठाचे बास्केटबॉल कोच जॉन वुडन, ज्यांच्या टीमने १९६४ ते १९७५ या बारा सीझनमध्ये दहा राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली, त्यांच्या प्रॅक्टिसला हे दोघं जाऊन बसायचे आणि ते काय बोलतात ते टिपायचे. एकूण २,३२६ नोंदी झाल्या, त्यातल्या साधारण तीन चतुर्थांश म्हणजे निव्वळ माहिती होती, काय करायचं, कसं करायचं, पाय कुठे, बॉल कुठे. कौतुक सात टक्क्यांच्या आसपास, नाराजीही तेवढीच. एवढा मोठा कोच, मला वाटलं होतं भाषणं देत असेल, तर हा माणूस थोडक्यात मुद्द्याचं बोलून बाजूला व्हायचा. मी तेव्हापासून ग्राउंडवर एक नियम स्वतःला लावून घेतलाय, पोरगं पळत असताना तोंड बंद, थांबल्यावर एकच गोष्ट सांगायची. ऐकायला सोपं वाटतं, करून बघा.

पण खरा धडा मिळाला तो चार वर्षांपूर्वी, आणि तो मला एका तेरा वर्षांच्या मुलीने दिला. ज्यांनी रिले कधी पळली नाही त्यांच्यासाठी थोडं समजावून सांगते. शंभर मीटरच्या रिलेत बॅटन घेणारा मागे वळून बघत नाही. तो आपल्या मागे ट्रॅकवर एक टेप चिकटवून ठेवतो, त्याला मार्क म्हणतात, अंतर पावलाला पाऊल लावून मोजायचं. देणारा पळत पळत त्या मार्कवर आला की घेणाऱ्याने जीव खाऊन सुटायचं आणि हाक ऐकू आली की हात मागे करायचा. बॅटनची अदलाबदल तीस मीटरच्या झोनमध्येच व्हायला लागते, बाहेर झाली तर टीम बाद. मार्क लांब ठेवला आणि देणारा दमलेला असला तर घेणारा निघून जातो आणि मागचा त्याला गाठूच शकत नाही. सगळा विश्वासाचा आणि हिशोबाचा मामला आहे.

तर त्या दिवशी स्पर्धा होती आणि आमचा मार्क अठरा पावलांवर पक्का केलेला होता, महिनाभर प्रॅक्टिस त्यावरच. दुसऱ्या लेगची, म्हणजे दुसऱ्या नंबरला पळणारी मुलगी वॉर्मअप झाल्यावर माझ्याकडे आली आणि म्हणाली, "ताई, मला दोन दिवस ताप होता, आज मी स्लो आहे, मार्क दोन पावलं जवळ घेऊ या का?" मी म्हटलं नको, आयत्या वेळी बदल नको, ठरलंय ते ठरलंय. ती गप्प गेली. पुढे काय झालं असेल ते तुम्हाला कळलंच असेल. तिसरी मुलगी बरोबर मार्कवर सुटली, ही तिच्या मागे हात लांब करून पळतेय, पळतेय, आणि बॅटन दिलं तेव्हा झोन संपून दोन पावलं पुढे गेलेल्या. लाल झेंडा. चौघी रडत होत्या, आणि ती दुसऱ्या लेगची पोरगी बाकीच्यांची माफी मागत होती.

मला ते बघवेना. संपादक साहेब, मला त्या क्षणी पाच-सहा कारणं तयार सुचली होती, ताप होता तर आधी सांगायला हवं होतं, तिसरीने जरा थांबायला हवं होतं वगैरे, ऑफिसात मी अशीच कारणं देते आणि ती चालूनही जातात. पण ती तेरा वर्षांची पोरगी जी चूक माझी होती तिची माफी मागत होती. मी चौघींना समोर बसवलं आणि म्हटलं, हिने मला आधी सांगितलं होतं, बरोबर सांगितलं होतं, मी ऐकलं नाही, आज आपण माझ्यामुळे बाद झालो. पाय थरथरत होते माझे, खोटं नाही सांगत. चौदा वर्षांच्या नोकरीत हे वाक्य मी एकदाही बोललेले नव्हते. मला वाटलं आता पोरं मला मोजणारच नाहीत. झालं उलटंच, पुढच्या शनिवारपासून पोरं येऊन सांगायला लागली, ताई माझा पाय दुखतोय, ताई हा ड्रिल मला कळलाच नाही, ताई काल झोप झाली नाही. हे सगळं आधीपण होत असणारच, फक्त माझ्यापर्यंत पोचत नव्हतं.

आणि मग मी सोमवारी ऑफिसात जाऊन बसले तेव्हा मनात पहिला विचार आला की इथे किती जणांनी मला असंच काहीतरी सांगायचा प्रयत्न केला असेल.

त्यानंतर मार्क लावणं मी सोडून दिलं. जो घेणार आणि जो देणार ते दोघं मिळून ठरवणार, मी विचारणार फक्त की का. सुरुवातीला सगळा गोंधळ, दोन रविवार एकही बॅटन नीट गेलं नाही, एका पालकांनी येऊन मला ऐकवलं की मग तुम्ही कशाला आहात इथे. प्रश्न रास्त होता. पालकांवर मला वेगळं पत्र लिहावं लागेल, ते राहू दे.

याबाबत एक जुना प्रयोग मला फार पटतो. मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३९ मध्ये तो प्रसिद्ध केला, दहा-अकरा वर्षांच्या मुलांचे छोटे गट करून त्यांना मुखवटे बनवण्यासारखी कामं दिली होती, कुठे मोठा माणूस सगळे हुकूम स्वतः सोडायचा, कुठे मुलांना बरोबर घेऊन ठरवायचा, कुठे नुसता बसून राहायचा. हुकूमवाल्या गटात काम भरपूर व्हायचं, पण तो माणूस खोलीबाहेर गेला की काम धपकन खाली यायचं. बरोबर घेऊन चालणाऱ्या गटात तो गेला तरी काम जवळपास तसंच चालू राहायचं. मी हे वाचलं आणि मला माझी उशीर झालेली एक सकाळ आठवली, पहिल्या वर्षातली, मी पाऊण तासाने पोचले तर सगळी पोरं भिंतीला टेकून बसलेली, का तर ताई आल्या नाहीत. आता मी मुद्दाम कधीतरी उशिरा जाते. वॉर्मअप झालेला असतो, कोन म्हणजे खुणेचे शंकू लागलेले असतात, क्वचित भांडणही झालेलं असतं आणि मिटलेलंही असतं. माझ्या मते लीडर म्हणून कोणाला किती गुण द्यायचे ते तो गैरहजर असतानाच कळतं, आणि ही परीक्षा कुठल्याही वर्कशॉपमध्ये घेता येत नाही कारण तिथे तुमची टीमच नसते.

शिकवणं आणि सोबत असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हेही मला उशिरा कळलं. आमच्याकडे एक मुलगा होता, बाराव्या वर्षी सगळ्यांच्या पुढे, चौदाव्या वर्षी एकदम उंच झाला आणि टायमिंग बिघडायला लागलं. पाय आपलेच वाटत नाहीत म्हणायचा. टेक्निकमध्ये मी काय सांगणार, शरीर वाढत असताना असं होतं आणि काही महिने धीर धरावा लागतो, त्याला शिकवण्यापेक्षा कोणीतरी ऐकून घेणारं हवं होतं. मी प्रॅक्टिस संपल्यावर दहा मिनिटं बाकावर बसायचे त्याच्याबरोबर, बाकीची पोरं समोर सामान आवरत असायची, बहुतेक वेळा तोच बोलायचा. सल्ला न देता दहा मिनिटं बसणं हे माझ्यासारख्या बाईला किती जड जातं ते माझ्या घरच्यांना विचारा.

आणखी एक चूक सांगते कारण ती बऱ्याच जणांकडून होते. मी पहिली दोन वर्षं कॅप्टन निवडताना जे पुढे, जे धीट, जे मोठ्याने बोलणारे तेच निवडले, आणि नंतर एकदा यादी बघितली तर त्यातली जवळजवळ सगळी वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेली. एकाच वयोगटात जानेवारीचं पोर आणि डिसेंबरचं पोर यांच्यात जवळपास वर्षाचा फरक असतो आणि त्या वयात वर्ष म्हणजे खूप. कॅनडात आइस हॉकीच्या खेळाडूंबाबत हे १९८० च्या दशकातच लक्षात आलं होतं, वरच्या पातळीवर वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेल्यांची संख्या बरीच जास्त. म्हणजे मी नेतृत्वगुण ओळखत नव्हते, वाढदिवस ओळखत होते! आता कॅप्टन दर महिन्याला बदलतो, सगळ्यात मागे पळणाराही होतो, आणि आतापर्यंतचा सगळ्यात चांगला कॅप्टन एक असा मुलगा निघाला ज्याला आम्ही कधी रिलेत घेतलं नव्हतं.

मोठ्या पातळीवर हे कोणी करतं का असं लोक विचारतात. राहुल द्रविड इंडिया ए आणि अंडर नाइन्टीन टीमबरोबर होते तेव्हा दौऱ्यावर नेलेल्या प्रत्येकाला खेळायला मिळालंच पाहिजे असा त्यांचा आग्रह असायचा, कारण नुसतं फिरून परत येणं काय असतं ते त्यांनी स्वतः अनुभवलेलं होतं. २०१८ चा अंडर नाइन्टीन वर्ल्ड कप जिंकल्यावर बोर्डाने त्यांना ५० लाख आणि सपोर्ट स्टाफला २० लाख जाहीर केले, तर त्यांनी हा फरक नको म्हटलं आणि शेवटी सगळ्या स्टाफला सारखेच २५ लाख मिळाले, म्हणजे त्यांचे स्वतःचे निम्मे झाले. टीममध्ये सगळे सारखे असं भाषणात सगळेच म्हणतात हो.

आणि हे सगळं जिंकण्यासाठी आहे असंही नाही. स्मॉल आणि स्मिथ या अभ्यासकांनी अमेरिकेत मुलांच्या बेसबॉल कोचेसना काही तासांचं ट्रेनिंग दिलं, चांगलं केलं की सांगा, चुकलं की धीर द्या आणि नेमकं काय करायचं ते दाखवा, टोचून बोलू नका, एवढंच. त्या आणि बाकीच्या टीमच्या हार-जितीत फरक पडला नाही. पण पुढच्या सीझनला खेळ सोडणाऱ्या मुलांचं प्रमाण ट्रेनिंगवाल्या कोचेसकडे ५ टक्के आणि इतरांकडे २६ टक्के निघालं. ऑफिसात माणसं का टिकत नाहीत यावर आमच्याकडे दर तीन महिन्यांनी मीटिंग असते, मी तिथे हा आकडा सांगितला तर सगळे हसले, हे खेळाचं आहे म्हणे.

आता कोणी हे वाचून उद्याच ग्राउंडवर जाणार असेल तर थोडं सावध करते. स्वतःचे नेतृत्वगुण वाढवायला म्हणून जाऊ नका, पोरं म्हणजे तुमच्या प्रॅक्टिसचं सामान नाहीत. एका कंपनीचे लोक आमच्याकडे एक दिवस आले होते, सेवा म्हणून, फोटो काढले, टी-शर्ट वाटले आणि पोरांनी पुढचे दोन आठवडे विचारलं ते दादा परत कधी येणार. यायचं तर निदान वर्षभर यायचं. प्रथमोपचार शिकून या. मुलांशी एकट्याने बंद खोलीत बोलू नका, मेसेज करायचा तर पालक असलेल्या ग्रुपवरच, हे नियम पोरांसाठीही आहेत आणि तुमच्यासाठीही. आणि पहिले दोन महिने फक्त स्टॉपवॉच धरा, कोन उचला, नावं पाठ करा. मी हे केलं नाही, केलं असतं तर तो व्हिडिओ तसा निघाला नसता.

आपल्याला विनंती एवढीच की पुढच्या वेळी या विषयावर पान काढाल तेव्हा एखाद्या ग्राउंडवरच्या माणसालाही लिहायला सांगा. मलाच असं नाही, माझ्यापेक्षा जुनी माणसं आहेत.

ती दुसऱ्या लेगची मुलगी आता सतरा वर्षांची आहे, दर रविवारी लहान पोरांना तीच शिकवते. गेल्या रविवारी एक चिमुरडी तिला म्हणाली, ताई मार्क जरा जवळ घेऊ या का, आणि ही म्हणाली, नको, ठरलंय ते ठरलंय. मी कुंपणापाशी होते. तोंडापर्यंत आलेलं गिळलं आणि कोन मोजत बसले.

आपली,
एक नियमित वाचक