मालक किती श्रीमंत यापेक्षा 30 जूनचा ताळेबंद पाहा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

इंग्लिश प्रीमियर लीग या फुटबॉल स्पर्धेचा हंगाम सुरू असला की पुणे, मुंबई, कोल्हापूर, मडगाव, कुठेही चाहत्यांमध्ये एक वाद हमखास पेटतो: कोणाचा मालक जास्त श्रीमंत? न्यूकॅसलवाला सौदी अरेबियाच्या सार्वजनिक गुंतवणूक निधीचे आकडे तोंडावर फेकतो, मँचेस्टर सिटीवाला अबुधाबीचे. मँचेस्टर युनायटेडवाला 'आम्ही कमावतो, तुम्ही मालकाच्या जिवावर उड्या मारता' असे सुनावतो. आपल्याकडच्या क्रीडा पानांवरही 'जगातील सर्वांत श्रीमंत क्लब' असे सर्रास छापले जाते. या वादात मालकाची मालमत्ता, क्लबची कमाई आणि नियमाने मिळणारी खर्चाची मुभा यांची सरमिसळ होते आणि तरुण पोरे चुकीच्या आकड्यांवर भांडत बसतात. म्हणून हे पत्र जरा सविस्तर लिहीत आहे.

आधी न्यूकॅसल. ऑक्टोबर 2021 मध्ये साडेतीस कोटी पौंडांना हा क्लब विकला गेला आणि 80 टक्के वाटा सौदी निधीकडे गेला. मालकाकडे अक्षरशः एका देशाची तिजोरी. तरीही जून 2024 च्या शेवटच्या आठवड्यात याच क्लबला दोन तरुण खेळाडू घाईघाईने विकावे लागले. यांकुबा मिन्तेह ब्रायटनला गेला, इलियट अँडरसन नॉटिंगहॅम फॉरेस्टला. अँडरसन न्यूकॅसलजवळच्या व्हिटली बेचा, वयाच्या आठव्या वर्षापासून त्यांच्याच अकादमीत वाढलेला. सप्टेंबर 2025 मध्ये तो इंग्लंडकडून पहिला सामना खेळला तेव्हा फॉरेस्टचा खेळाडू होता. घरचा पोर असा जाताना पाहणे त्या शहराला किती लागले असेल, हे पेठेच्या संघावर जीव टाकणाऱ्या कोल्हापूरकरांना वेगळे सांगायला नको.

असे का झाले? प्रीमियर लीगच्या नफा आणि शाश्वतता नियमानुसार क्लबला तीन वर्षांत मिळून साडेदहा कोटी पौंडांपेक्षा जास्त तोटा दाखवता येत नव्हता. त्यातही मूळ मुभा दीड कोटीचीच. वरचे 9 कोटी मालकाने भागभांडवल म्हणून खरोखर ओतले तरच धरायचे. कर्जाऊ दिलेले पैसे त्यात मोजले जात नाहीत. म्हणजे मालकाकडे 100 कोटी असोत की 1 लाख कोटी, तोटा भरून काढण्याची त्याची मर्यादा तीन वर्षांत 9 कोटीच. वर्ष बहुतेक क्लबांचे 30 जूनला संपते, म्हणून जूनच्या अखेरीस ही पळापळ.

आता वहीतली खरी मेख. समजा 5 कोटी पौंडांना खेळाडू घेतला आणि पाच वर्षांचा करार केला. पैसे हप्त्याने जावोत की एकरकमी, खर्च मात्र वर्षाला 1 कोटी असाच लिहिला जातो. यंत्रावर घसारा लावतात तसाच हा प्रकार, त्याला अमॉर्टायझेशन म्हणतात. तीन वर्षांनी वहीत त्या खेळाडूची किंमत 2 कोटी उरते. त्या वेळी तो 3 कोटींना विकला तर कट्ट्यावर 'दोन कोटी बुडाले' अशी बोंब होते, पण हिशेबात 1 कोटीचा नफा दिसतो. अकादमीत घडलेल्या खेळाडूची वहीतली किंमत शून्य, त्यामुळे त्याच्या विक्रीची रक्कम जवळजवळ सगळीच नफ्यात जाते. अँडरसनचे सुमारे साडेतीन कोटी पौंड न्यूकॅसलला त्याच वर्षात नफा म्हणून दाखवता आले. त्याच सुमारास त्यांनी फॉरेस्टकडून व्लाखोडिमोस हा गोलरक्षक सुमारे 2 कोटींना घेतला, तो खर्च मात्र कराराच्या वर्षांवर पसरला. नियमच असा असल्यामुळे क्लब आपलीच पोरे आधी विकतात. नियमाचा हा सर्वांत वाईट परिणाम आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

तारीख चुकली तर काय होते, ते फॉरेस्टने भोगले. ते खालच्या विभागातून नुकतेच प्रीमियर लीगमध्ये आलेले, त्यामुळे खालच्या विभागातल्या दोन हंगामांचे 1 कोटी 30 लाखांप्रमाणे आणि वरच्या एका हंगामाचे साडेतीन कोटी, अशी त्यांची मर्यादा 6 कोटी 10 लाख होती. ती ते 3 कोटी 45 लाखांनी ओलांडून बसले. ब्रेनन जॉन्सन हा त्यांचा खेळाडू टॉटनहॅमला 4 कोटी 75 लाखांना गेला, म्हणजे भगदाड बुजायला पुरेसे पैसे आले, पण आले ते 1 सप्टेंबर 2023 ला. हिशेबाचे वर्ष 30 जूनलाच बंद झाले होते. थांबल्यामुळे किंमत चांगली मिळाली, हा क्लबचा युक्तिवाद प्रकरण ऐकणाऱ्या स्वतंत्र आयोगाने मानला नाही आणि मार्च 2024 मध्ये चार गुण कापले. एव्हर्टनचे प्रकरण याहून गुंतागुंतीचे. त्यांचा तोटा 12 कोटी 45 लाख निघाला, मर्यादेपेक्षा 1 कोटी 95 लाख जास्त. नव्या स्टेडियमचा खर्च नियमातून वगळला जातो, तेव्हा कर्जाचे व्याजही वगळा, हे म्हणणे टिकले नाही. नोव्हेंबर 2023 मध्ये दहा गुण गेले, अपिलात ते सहा झाले, आणि पुढच्या हिशेबासाठी एप्रिल 2024 मध्ये आणखी दोन कापले. त्या मैदानावर वर्षानुवर्षे जाणाऱ्या माणसाचा यात काय दोष होता?

चेल्सीने पळवाटा शोधल्या आणि त्या बराच काळ चालल्या. एन्झो फर्नांडेझला जानेवारी 2023 च्या अखेरीस 10 कोटी 68 लाखांना घेऊन साडेआठ वर्षांचा करार केला. त्यामुळे सगळी रक्कम एकाच वर्षी लिहिण्याऐवजी वर्षाचा बोजा सव्वा कोटीवर आला, असे मांडणारे मित्र भेटतात. तसे नाही. 10 कोटी 68 लाख भागिले साडेआठ म्हणजे वर्षाला सुमारे सव्वा कोटी, आणि पाच वर्षांचा करार असता तर सुमारे 2 कोटी 14 लाख. फरक एवढाच, पण असे डझनभर खेळाडू घेतले की तो मोठा होतो. पुढे युएफाने (युरोपीय फुटबॉलची नियामक संघटना) आणि प्रीमियर लीगनेही हा काळ पाच वर्षांवर आणला. मग चेल्सीने आपली दोन हॉटेले आपल्याच भगिनी कंपनीला 7 कोटी 65 लाखांना विकली, आणि पुढच्या वर्षी महिला संघही समूहातल्याच कंपनीकडे सुमारे 20 कोटींना गेला. इंग्लंडमध्ये हे खपले. युएफाने मात्र असले घरातल्या घरातले व्यवहार धरले नाहीत आणि जुलै 2025 मध्ये एकूण 3 कोटी 10 लाख युरोंचा दंड लावला.

याच क्लबचा आधीचा मालक वादात नेहमी निघतो. रोमन अब्रामोविचने सुमारे 150 कोटी पौंड क्लबला कर्जरूपाने दिले होते. मार्च 2022 मध्ये ब्रिटिश सरकारने त्याच्यावर निर्बंध घातले, तेव्हा श्रीमंत मालकावर विसंबणे म्हणजे काय ते दिसले. दुकान बंद, नवी तिकीटविक्री बंद, आणि बाहेरगावच्या एका सामन्याला संघाने प्रवासावर जास्तीत जास्त 20 हजार पौंड खर्च करायचे, अशी परवान्यातली अट. त्या वेळी हा संघ युरोपचा विजेता होता.

युनायटेडच्या चाहत्यांनी 'आम्ही स्वतःच्या कमाईवर' म्हणावे, त्यात तथ्य आहेच. 2024-25 चे उत्पन्न 66 कोटी 65 लाख पौंड, क्लबच्या इतिहासातले सर्वाधिक. पण ग्लेझर कुटुंबाने 2005 मध्ये सुमारे 79 कोटींना क्लब घेतला तो मोठ्या प्रमाणात कर्ज काढून, आणि ते कर्ज क्लबच्याच माथी मारले. दुसऱ्याच्या मालकाने पैसे घातले आणि यांच्या मालकाने क्लबकडूनच व्याज भरून घेतले, हा फरक आहे. डिसेंबर 2024 मध्ये उरलेल्या सामन्यांची सदस्यांसाठीची तिकिटे सरसकट 66 पौंड झाली, मुलांना आणि ज्येष्ठांनाही सवलत नाही. मालक श्रीमंत असण्याचा त्या आजोबांना काय उपयोग?

आपल्या मातीशी जोडलेली दोन उदाहरणे तर फारसे कोणी काढतच नाही. पुण्याच्या वेंकीज समूहाने नोव्हेंबर 2010 मध्ये ब्लॅकबर्न रोव्हर्स 2 कोटी 30 लाख पौंडांना घेतला. 1995 चा लीगविजेता हा क्लब 2012 मध्ये खाली घसरला, 2017 मध्ये आणखी एक पायरी. त्यानंतरही वर्षानुवर्षे तोटा पुण्याहून भरला जात होता. पण सक्तवसुली संचालनालयाच्या चौकशीमुळे हे पैसे इंग्लंडला पाठवायला दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी आणि बँक हमी लागू लागली. चौकशी म्हणजे दोष सिद्ध होणे नव्हे, हेही लक्षात घ्यावे. मुद्दा असा की मालकाकडे पैसा असला तरी तो क्लबपर्यंत पोचण्याचा रस्ता मोकळा हवा. दुसरे उदाहरण मुंबई सिटीचे. मँचेस्टर सिटीच्या मूळ समूहाने 2019 मध्ये 65 टक्के वाटा घेतला, संघाने विजेतेपदे मिळवली, आणि इंडियन सुपर लीगचे भवितव्यच अधांतरी झाल्यावर डिसेंबर 2025 मध्ये तो समूह बाहेर पडला. स्पर्धेलाच उत्पन्न नसेल तर अबुधाबीचा पैसाही टिकत नाही.

सिटीवर फेब्रुवारी 2023 मध्ये ठेवलेल्या 115 आरोपांचा गाभाही इथेच आहे: प्रायोजकत्व म्हणून दाखवलेले पैसे खरे प्रायोजकाचे की मालकाचे. क्लबने सर्व आरोप नाकारले आहेत. दोन्ही बाजूंनी ओरडण्याआधी हा प्रश्न नीट समजून घ्यावा.

ज्यांना खरेच वाद घालायचा आहे त्यांच्यासाठी रस्ता सोपा आणि फुकट आहे. ब्रिटनच्या कंपनीज हाउस या सरकारी नोंदणीच्या संकेतस्थळावर प्रत्येक क्लबचा ताळेबंद उघडता येतो, जूनअखेरचा साधारण मार्चपर्यंत येतो. युनायटेड न्यूयॉर्कच्या बाजारात नोंदलेला असल्याने त्यांचे आकडे दर तिमाहीला मिळतात. आधी कंपनी बरोबर निवडा, कारण क्लब, त्याची धारक कंपनी आणि तिची वरची कंपनी यांचे आकडे वेगवेगळे असतात. पहिल्या पानावरचा नफा पाहून थांबू नका. खेळाडूविक्रीचा नफा बाजूला काढा आणि मग काय उरते ते पाहा. पगार भागिले उत्पन्न करा. टीपांमध्ये 'संबंधित पक्षांशी व्यवहार' हा भाग शोधा, हॉटेले तिथे सापडतात. वर्षभरात देणे असलेल्या रकमांत खेळाडूंचे थकीत हप्ते किती ते पाहा, कारण वहीत नफा असलेला क्लबही रोख रकमेला महाग असू शकतो. मालकाचे पैसे कर्ज म्हणून आले की भागभांडवल म्हणून, हे शेवटी तपासा. 2026-27 पासून तर प्रीमियर लीगमध्ये संघावरचा खर्च फुटबॉलच्या उत्पन्नाच्या 85 टक्क्यांपर्यंतच ठेवायचा, असा नवा नियम आहे. युएफाचे प्रमाण 70 टक्के. पगार आणि उत्पन्नाचे हे गणित आता रोजच लागणार आहे.

आपल्याला एकच विनंती. ट्रान्सफरची बातमी देताना रकमेसोबत कराराची वर्षे छापावीत, आणि खेळाडू अकादमीतला असेल तर तेही. दोन शब्दांची जागा लागेल. मालकाच्या संपत्तीचा आकडा वगळला तरी चालेल.

आपला नम्र,
हिशेबनिसाच्या व्यवसायातील एक वाचक, कोल्हापूर