सासूबाईंच्या निळ्या चपला घालून परसात गेलेल्या ताईंना

ताई, नमस्कार.

नाव लिहू नका म्हणालात, म्हणून लिहीत नाही. पाटण तालुक्यातल्या आमच्या डोंगराकडच्या वाड्यांमध्ये तुम्ही पशुसखी म्हणून, म्हणजे घरोघरची जनावरं-कोंबड्या बघत फिरता, एवढं पुरे. ज्यांना ओळखायचं ते त्या पोचे पडलेल्या थर्मासवरून ओळखतील.

समोर आभार मानायला गेलं की तुम्ही "त्यात काय एवढं" म्हणत कोंबडीचे पंख उलगडून उवा बघायला लागता. म्हणून हे पत्र. यात मध्येच विषय बदलायची सोय नाही.

२०२० साली मुंबईचं बिऱ्हाड आवरून आम्ही गावी आलो, तेव्हा सासूबाईंनी माहेरून चार तलंगा, म्हणजे तरण्या कोंबड्या, आणि एक कोंबडा डालग्यातून आणला होता. त्यांच्याच पुढे वाढत वाढत यंदाच्या चैत्रात १७ झाल्या. धंदा वगैरे काही नाही. गावठी कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी देणार, बारा-पंधरा घातली की खुडूक बसणार, म्हणजे अंडी द्यायची थांबून ती उबवत बसणार. आमच्या १२ माद्या मिळून रोजची दोन अंडी. एक सासूबाईंना, एक पोराला. हिशेब अगदी नीट बसला होता.

मग मर लागली.

पहिली मेली तेव्हा आम्ही सापावर घेतलं. दुसऱ्या दिवशी तीन. हिरवट शीट, चोच उघडी ठेवून घरघर, आणि एक तांबडी तर मान उलटी पाठीवर टाकून आभाळाकडे बघत गोल गोल फिरायला लागली. पोरगं आधी हसलं. मग गप्प झालं. आमच्याकडे याला मानमोडी म्हणतात, पुस्तकात राणीखेत. राणीखेत हे उत्तराखंडातल्या कुमाऊँमधलं थंड हवेचं सुंदर गाव आहे आणि १९२७च्या सुमाराला आपल्या देशात हा रोग पहिल्यांदा तिथे नोंदला गेला, म्हणून बिचाऱ्याचं नाव कायमचं कोंबड्यांच्या मरणाला चिकटलं, हे मला खूप नंतर कळलं. त्या पाच दिवसांत मला एवढंच कळत होतं की सकाळी खुराडं उघडायला हात होत नाही.

त्या पाच दिवसांत कोण कोण भेटलं तेही लिहिते, तुम्हाला आवडणार नाही तरी. एका ठिकाणी फोन केला. "किती पक्षी?" सतरा होत्या, आता नऊ, म्हटलं. पलीकडचे गृहस्थ हसले. "नऊ? अहो बाई, लसीची बाटली शंभर डोसची असते, नऊ कोंबड्यांसाठी कोण फोडणार?" एका दुकानदाराने ३४० रुपयांचं औषध आणि वर टॉनिक बांधून दिलं, आजार काय ते न विचारता. आणि एकजण घरी आला. "आत्ताच मोठ्या पोल्ट्रीवरून येतोय," हे त्याने दोनदा सांगितलं, मोठेपणा म्हणून. बूट न काढता थेट खुराड्यापर्यंत गेला, दोन सुया टोचल्या, ५०० रुपये घेतले, आणि जाता जाता, "कोंबड्याच आहेत, कापून खाऊन टाका." आजार त्याने आणला असं मी म्हणत नाही, मर आधीच लागलेली होती. पण आमच्या परसातनं निघून त्याच बुटांनी तो पुढे कुठल्या दारात गेला असेल, हे आता रात्री आठवतं.

सातव्या दिवशी तुम्ही आलात. चौदा गेल्या होत्या, तीन उरल्या होत्या. तुम्हाला बोलावलंही नव्हतं, बचत गटात कोणीतरी बोललं तेवढ्यावर आलात. मी मागचं दार उघडलं आणि "या" म्हटलं, तर तुम्ही उंबऱ्यातच थांबलात.

"घरातली एखादी जुनी चपलांची जोडी आहे का? माझ्या चपलांना तीन वाड्यांची शीट लागलीय."

मला आधी समजलंच नाही. सासूबाईंच्या जुन्या निळ्या रबरी चपला मिळाल्या. तुम्हाला दोन बोटं आखूड, टाचा मागे बाहेर. त्याच घालून तुम्ही आत गेलात. त्याआधी बादलीत साबणाचं पाणी मागून पाय घोट्यापर्यंत धुतलेत, बोटांच्या बेचक्यांतसुद्धा. परत आल्यावर पुन्हा पाय धुतलेत. मी म्हटलं, आता कशाला, आमच्या तर मेल्याच. तुम्ही म्हणालात, "जाताना तुमच्यांसाठी धुतले. येताना पुढच्या घरच्यांसाठी."

बस, एवढंच. या पत्रातलं बाकीचं सगळं याच्यासाठी लिहिलंय.

कारण चौदा कोंबड्या गेल्यावरही माझ्या उरलेल्या तिघींना तुम्ही ज्यांच्या जाण्याने घर मोडेल अशी जित्राबं मानलंत. त्या हसणाऱ्या गृहस्थाला नऊ कमी वाटल्या होत्या. तुम्हाला तीन पुरेशा वाटल्या.

आणि तुम्ही खोटं बोलला नाहीत. "याला औषध नाही. लस आधीच द्यायची असते, लागण झाल्यावर नाही," असं सरळ सांगितलंत. आठवडाभर जो तो काहीतरी विकत होता. काही नाही म्हणणाऱ्या तुम्ही पहिल्या. त्या रात्री मला झोप लागली.

आता एक गोष्ट, जी तुम्ही कुणाला सांगितली नाहीत आणि मीच सांगते. मेलेल्या कोंबड्या आम्ही ओढ्यात टाकल्या होत्या. सगळे तसंच करतात म्हणून. खालच्या वाडीत पुढे आठ दिवसांनी मर लागली. तुम्ही आलात त्याच दिवशी विचारलं होतंत, मी खरं सांगितलं, आणि तुमचा चेहरा एक क्षण बदलला. मग म्हणालात, "फावडं आहे का?" मेलेल्यांपैकी शेवटच्या दोघी परसाच्या कोपऱ्यात होत्या, त्यांच्यासाठी खड्डा खणायला तुम्ही स्वतः लागलात, कंबरभर. चुना टाकून बुजवला. रागावला असतात तर सोपं गेलं असतं मला.

चांगुलपणा म्हणजे नक्की काय, ते मला नीट मांडता येत नाही. एसटीतला एक कंडक्टर आठवतो. सासूबाई अंड्यांची बुट्टी मांडीवर घेऊन बसल्या होत्या, तर त्याने पुढे जाऊन ड्रायव्हरला सांगितलं, "खड्ड्यात दमानं घे, मागं अंडी हायत." तिकिटाचे पैसे तेवढेच घेतले. तुम्ही त्या कंडक्टरच्या जातकुळीतल्या.

ज्येष्ठात तुम्ही काय खटपट केलीत ते वाडीला माहीत आहे. शंभर डोसची बाटली फुकट जाऊ नये म्हणून नऊ घरं फिरून ८३ कोंबड्या वहीत मांडल्यात. बर्फ घातलेल्या थर्मासमध्ये लस घेऊन दिवेलागणीला आलात, कोंबड्या खुराड्यात गेल्यावर, म्हणजे त्यांच्या मागे पळायला नको. एकदा कालवली की दोनेक तासांत संपवायची, म्हणून वळवाच्या पावसात डोक्यावर इरलं घेऊन घरोघर जवळजवळ धावत होतात. तुम्हीच सांगितलंत की मोठ्या कोंबड्यांना देतात ती ही लस मुक्तेश्वरच्या पशुवैद्यकीय संस्थेतली, १९४०च्या दशकातली. म्हणजे रोगाला नाव दिलं त्याच कुमाऊँच्या डोंगरांनी त्याचा उताराही दिला. कोंबडीमागे पाच रुपये घेतलेत. आमच्या शेजारच्या आजींनी पैशांऐवजी मूठभर कुळीथ दिले, तेही घेतलेत, आणि वहीत "दिले" असं लिहिलंत. ते मी पाहिलं.

हल्ली सासूबाई गिरिराज ही सुधारित जातीची कोंबडी आणू या म्हणतात, जास्त अंडी देते म्हणून. तुमचं ऐकून मी त्यांना थोपवलंय: आणायच्या तर दोनच, आणि गावठी मोडायची नाही, कारण गिरिराज सहसा खुडूक बसत नाही, मग तिची अंडी उबवायची कोणी?

तांबडी जगली, हे तुम्हाला माहीत आहे. मान अजून थोडी डावीकडे असते, दाणा टिपताना दोनदा चुकतो, तिसऱ्यांदा सापडतो. पोराने तिचं नाव वाकडी ठेवलंय. ती खुडूक बसली आहे. अकरा अंडी ठेवली होती, सातव्या रात्री बॅटरीच्या उजेडात बघितली, दोन वांझ निघाली, ती काढली. येत्या बुधवारी एकवीस दिवस भरतात. म्हणजे पिल्लांच्या डोळ्यात लसीचा थेंब टाकायला तुम्ही त्याच्या पुढच्या मंगळवारी यायचं आहे. शेजारची आणि वरच्या आळीतली मिळून आणखी चाळीसेक पिल्लं त्याच आठवड्यातली आहेत. या वेळी घरं मी फिरले, वही मी केली आहे.

निळ्या चपला खुराड्याच्या कुडाला खिळ्यावर टांगलेल्या असतात. घरातलं कोणी त्या घालून अंगणापलीकडे जात नाही. पण तुमच्या टाचा बाहेर राहतात, म्हणून परवाच्या बाजारातून एक मोठी जोडी आणून ठेवली आहे.

तुमची,
वाकडीच्या घरची